फेटलिंग शॉपमधली टूलची खिडकी

कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत ओतकामाचे कारखाने दाटीवाटीने उभे आहेत. साच्यातून बाहेर आलेल्या कास्टिंगचे रनर आणि रायझर, म्हणजे धातू ओतायच्या वाटेत गोठलेले जादा भाग, तोडायचे, कडेची फिन, म्हणजे पातळ पापुद्रा, घासायची, खाचाखोचांत जळून बसलेली वाळू काढायची, हे सगळं फेटलिंगमध्ये होतं. हातात धरायची विजेची आणि हवेची यंत्रं इथे पूर्ण पाळी चालतात. आमचं काम त्या यंत्रांच्या खिडकीचं. सकाळी टूल द्यायचं, संध्याकाळी परत घ्यायचं, मधल्या वेळात उघडून दुरुस्त करायचं. ग्राइंडरचे मोठे अपघात बहुतेक वेळा स्विच दाबायच्या आधीच ठरलेले असतात, हे या खिडकीवर बसलं की नीट कळतं. म्हणून ही खिडकी कशी चालवतो ते सविस्तर लिहीत आहोत.

सुरुवात आकड्यांनी होते. प्रत्येक ग्राइंडरच्या पाटीवर त्याचा बिनलोडचा वेग लिहिलेला असतो आणि प्रत्येक व्हीलवर, म्हणजे त्यावर बसणाऱ्या घासायच्या किंवा कापायच्या चकतीवर, त्याला झेपणारा जास्तीत जास्त वेग. व्हीलवरचा आकडा मशीनवरच्या आकड्याएवढा किंवा त्याहून मोठा हवा. ४ इंची मशीन मिनिटाला साधारण ११,००० ते १२,००० फेरे घेतं आणि त्याच्या १०० मिमी व्हीलला १५,००० च्या वरचा वेग चालतो. ५ इंची मशीन ११,००० च्या आसपास फिरतं, त्याचं व्हील १२,२०० चं. ७ इंची व्हीलवर ८,५०० आणि ९ इंचीवर ६,६०० च्या आसपासचा आकडा असतो, त्यांची मशीनंही त्याच बेताने बनवलेली असतात. व्हील मोठं होतं तसे फेरे कमी का होतात? कारण या रेझिनच्या व्हीलचा काठ सेकंदाला ८० मीटरपेक्षा जास्त पळू नये, असा सगळा हिशोब आहे.

घोटाळा होतो तो भोकामुळे. ४ इंची व्हीलचं भोक १६ मिमी, त्यामुळे तिथे मोठं व्हील सहजी बसत नाही. पण ५, ७ आणि ९ इंची मशीनांचा स्पिंडल, म्हणजे व्हील बसतं ती फिरती दांडी, एम १४ (१४ मिमी आट्यांचा) असतो आणि तिन्ही व्हीलचं भोक २२.२३ मिमी. म्हणजे ५ इंची मशीनचा गार्ड काढला की ७ इंची व्हील त्यावर बिनबोभाट बसतं. नट आवळला जातो, मशीन सुरू होतं, माल भराभर निघतो. त्या व्हीलचा काठ मात्र सेकंदाला १०३ मीटरने पळत असतो. व्हीलला आतून फाडणारा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो. ८,५०० ऐवजी ११,००० फेरे झाले की तो १.६७ पट होतो. अशा व्हीलला एक आचका बसला तरी ते फुटायला पुरतो, आणि तुकडे अडवायला गार्ड तर आधीच काढलेला असतो.

म्हणून खिडकीतून नुसतं व्हील कधीच जात नाही. मशीन समोर ठेवायचं, पाटी वाचायची, त्याच मापाचं व्हील द्यायचं आणि जुनं झिजलेलं परत घ्यायचं. पाटी पुसली गेली असेल तर त्या मशीनवर आम्ही पेंटने वेग लिहितो. तो कळतच नसेल तर मशीन बाहेर जात नाही.

व्हीलच्या मधल्या धातूच्या कडीवर महिना आणि वर्ष छापलेलं असतं. ही मुदतीची तारीख, बनवल्यापासून साधारण 3 वर्षांची. रेझिनला दमट हवा सोसत नाही, आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात शेडमध्ये ओल धरतेच. त्यामुळे व्हीलचे खोके जमिनीवर किंवा भिंतीला टेकून ठेवत नाही. लाकडी फळीवर, आडवे रचून, जुना माल पुढे ठेवायचा. हातातून फरशीवर पडलेलं व्हील बाद. वरून चांगलं दिसलं तरी बाद. बेंच ग्राइंडरचं दगडी व्हील टांगून लाकडाच्या मुठीने हलकेच वाजवलं तर अखंड दगड खणखणीत बोलतो आणि तडा गेलेला बद्द वाजतो. पण रेझिनच्या व्हीलचा आवाज मुळातच बद्द असतो. ही परीक्षा तिथे चालत नाही, तिथे डोळ्यांनीच बघावं लागतं.

आता गार्ड. गार्ड लावा असं भिंतीवर लिहून काही होत नाही. गार्ड निघतो त्याला दर वेळी काहीतरी कारण असतं, आणि ते कारण दूर केल्याशिवाय तो परत लागत नाही. आम्हाला सापडलेली कारणं अशी. पंपाच्या केसिंगसारख्या कास्टिंगमध्ये आत खोलगट जागा असते, तिथे गार्ड अडतो. अशा जागी अँगल ग्राइंडर हे टूलच चुकीचं आहे. तिथे हवेचा सरळ डाय ग्राइंडर आणि त्यावर कार्बाइडचा बर (कठीण दातेरी टोक) किंवा माउंटेड पॉइंट (दांडीवर बसवलेला छोटा दगड) द्यायचा. हे टूल खिडकीत तयार असलं की गार्ड काढायची गरज निम्म्याने कमी होते. दुसरं कारण किरकोळ वाटतं पण सगळ्यात जास्त वेळा तेच निघालं. गार्ड फिरवायचा तर त्याचा स्क्रू सैल करावा लागतो आणि पाना जवळ नसतो. गार्ड चुकीच्या बाजूला आला, ठिणग्या अंगावर यायला लागल्या, की माणूस तो काढूनच ठेवतो. यावर आम्ही प्रत्येक मशीनच्या वायरला, पिन टॉपपासून हातभर अंतरावर, त्याचा पाना बांधून टाकला. पाना पिन टॉपजवळ असला की तो वापरायला मशीन बोर्डावरून काढावंच लागतं, हा दुसरा फायदा. हाताने खटका दाबून फिरणारा गार्ड असलेली मशीनं बाजारात मिळतात. नवीन घेताना आता तीच घ्यावीत, असं आमचं ठाम मत आहे. चार पैसे जास्त जातात, ते वसूल होतात.

बाजूच्या मुठीचंही तसंच. एका हाताने ग्राइंडर धरणारा माणूस दुसऱ्या हाताने कास्टिंग धरत असतो. म्हणजे तिथे मुठीची अडचण नाही, जॉब पकडायला वाइस किंवा फिक्स्चर नाही ही अडचण आहे. हलकी कास्टिंग धरायला दोन साध्या पट्ट्यांचं, एका बोल्टवर आवळणारं फिक्स्चर टेबलावर बसवलं, की मूठ आपोआप परत येते.

लाकूड कापायची दातेरी पाती ग्राइंडरला लावून मागायला कोणी आलं तर उत्तर एकच, नाही. ते दात अडकले की मशीन हातातून उसळतं आणि सरळ मांडीवर नाहीतर गळ्यावर येतं.

व्हील चढवताना पिन बोर्डावरून काढलेली हवी, बॅटरीचं मशीन असेल तर बॅटरी काढलेली. आतला फ्लँज, म्हणजे व्हीलमागची आधाराची चकती, पुसायचा. त्यावर चिकटलेला वाळूचा एक कणही व्हील तिरकं बसवतो. नटाची एक बाजू उंच आणि एक सपाट असते. ६ मिमी जाडीच्या घासायच्या व्हीलला उंच बाजू भोकात बसते, पातळ कटिंग व्हीलला सपाट बाजू व्हीलकडे. हे उलटं झालं की पातळ व्हील नीट दाबलं जात नाही आणि चालू मशीनवर घसरतं. नट दोन पिनांच्या पान्यानेच आवळायचा. छिन्नी-हातोड्याने ठोकलेला नट दुसऱ्या दिवशी सुटत नाही, आणि ठोकताना व्हीलला बसलेला धक्का दिसत नाही. मग मशीन खाली, कोणाच्याही रेषेत नाही असं धरून, मिनिटभर मोकळं चालवायचं. खराब व्हील बहुधा याच मिनिटात फुटतं.

कटिंग व्हीलने बाजूने घासायचं नाही. ते काठावर काम करायला बनवलेलं असतं, आडवा दाब त्याला सोसत नाही. घासायचं व्हील पृष्ठभागाशी १५ ते ३० अंशांत धरायचं. रनर कापताना तो कुठे टेकला आहे हे आधी बघायचं. दोन्ही टोकांना आधार देऊन मधे कापायला घेतलं, तर शेवटी तो मधे झुकतो, काप मिटतो आणि व्हील आवळलं जातं. तिथेच उलटा झटका बसतो. आधार कापाच्या एका बाजूला द्यायचा, म्हणजे सुटणारं टोक खाली जातं आणि काप उघडत जातो.

विजेच्या मशीनांत फौंड्रीचा खास शत्रू म्हणजे लोखंडाची धूळ. मोटर थंड ठेवायला हवा आत ओढली जाते, तिच्याबरोबर ही धूळ वाइंडिंगवर बसते. ती वीज वाहून नेते. चौकोनात चौकोन अशी डबल इन्सुलेशनची खूण असलेल्या मशीनला अर्थिंगची तार नसते, त्यामुळे आत गळती झाली की पुढचं गिअरचं धातूचं डोकं चटका देऊ लागतं. आमच्याकडे अशी मशीनं आठवड्याला उघडून कमी दाबाच्या हवेने साफ होतात आणि ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने, तपासली जातात. डबल इन्सुलेशनच्या मशीनला २ मेगओमच्या खाली आकडा आला की ते बाजूला. अर्थिंगवालं मशीन असेल तर १ मेगओम, आणि वर पिन टॉपच्या जाड पिनपासून मशीनच्या अंगापर्यंत तार अखंड आहे का हेही बघायचं. पावसाळ्यात हे आकडे घसरतात. तेव्हा मशीन रात्रभर कोरड्या खोलीत ठेवून सकाळी पुन्हा मोजतो. नाही चढला तर वाइंडिंगचं काम.

कार्बन ब्रश ५-६ मिमीच्या खाली गेले की जोडीने बदलायचे. एकच बदलला तर कम्युटेटरवर (ब्रश घासतात त्या फिरत्या तांब्याच्या भागावर) ठिणग्या वाढतात. वायर जिथे मशीनमध्ये शिरते तिथली रबरी नळी फाटली की वायर तिथेच आतून तुटते, म्हणून ती नळी आम्ही खर्चाच्या यादीत कायम ठेवतो.

पिन टॉप तुटला म्हणून नुसत्या तारा सॉकेटमध्ये घालून काडीने दाबायची सवय अजून पूर्ण गेलेली नाही. त्यावर ओरडण्यापेक्षा खिडकीत तयार पिन टॉपचा डबा ठेवला आणि बदलायला वायरमनची वाट बघायला लागू नये अशी सोय केली. एक्स्टेंशन बोर्डाला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे एवढी वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, असतेच असते. आरसीसीबी आणि साधी एमसीबी यांत लोक गोंधळतात. एमसीबी वायर जळू नये म्हणून असते. माणसाच्या अंगातून जाणारा करंट तिच्या दृष्टीने नगण्य, ती पडणारच नाही. आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून बघायचं, आणि पडली नाही तर तो बोर्ड वापरातून काढायचा. ९ इंची मशीन दोन हजार वॉटच्या वर असतं, २३० व्होल्टवर ९-१० अँपिअर ओढतं. त्याला २.५ चौरस मिमीची वायर हवी, आणि रिळावरची वायर पूर्ण उलगडूनच वापरायची, नाहीतर गुंडाळलेल्या वेढ्यांत तापून इन्सुलेशन वितळतं.

लाईट गेली की काय करायचं हे आपल्याकडे वेगळं शिकवावं लागतं. सरकवायचा लॉकवाला स्विच चालूच राहतो, माणूस मशीन टेबलावर ठेवून चहाला जातो, लाईट येते आणि ग्राइंडर टेबलावर एकटा धावायला लागतो. मशीन थांबलं, मग ते कशानेही असो, की आधी स्विच बंद, मग पिन बाहेर. दाबून धरला तरच चालणारा पॅडल स्विच असलेलं मशीन यापासून वाचवतं. भट्टीचं शेल, टाकी, पिट अशा बंदिस्त जागेत काम असेल तर २३० व्होल्ट आत जात नाही. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३६अ मध्ये अशा ठिकाणी पुरेशी संरक्षक साधनं नसतील तर २४ व्होल्टच्या वरचा हातदिवा किंवा विजेचं उपकरण नेऊ देऊ नये असं होतं. आम्ही अशा जागी हवेचीच टूल्स देतो.

हवेच्या टूलला शॉक नाही, म्हणून ते निर्धोक आहे असा समज आहे. तसं नाही. बहुतेक हवेची टूल्स ६.३ बारला, म्हणजे ९० पीएसआयला बनवलेली असतात, आणि हा दाब टूल चालू असताना टूलच्या तोंडाशी मोजायचा असतो. होस बारीक असला की हवा वाहताना दाब पडतो. फेटलर म्हणतो जोर नाही, कॉम्प्रेसरवाला प्रेशर वाढवतो, आणि टूल मोकळं असताना वाढलेला पूर्ण दाब त्यावर येतो. त्याच लाईनवरच्या दुसऱ्या, जवळच्या टूललाही तो मिळतो. म्हणजे होस बदलायचा तिथे प्रेशर वाढवून सगळ्या शेडमधल्या ग्राइंडरचा वेग बिघडतो. ७ इंची एअर ग्राइंडर आणि चिपरला (हवेवर छिन्नी ठोकणाऱ्या टूलला) आतून १२ मिमीचा होस द्यायचा, लांबी कामापुरतीच.

एअर ग्राइंडरच्या आत गव्हर्नर असतो, तो वेग मर्यादेत ठेवतो. हवेत पाणी आणि गंज आला, तेल गेलं नाही, की गव्हर्नर चिकटतो आणि टूल पाटीवरच्या वेगापेक्षा जास्त पळतं. कानाला ते कळत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा, व्हील काढून, स्पिंडलवर टॅकोमीटर धरून प्रत्येक ग्राइंडरचा वेग मोजतो आणि वहीत लिहितो. पाटीपेक्षा जास्त आला की तो दुरुस्तीला. आमच्या मते खिडकीवरचं हे सगळ्यात महत्त्वाचं काम आहे आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारंही हेच आहे. रिसीव्हरचं, म्हणजे हवेच्या टाकीचं, पाणी रोज सकाळी सोडणं, एफआरएलचा (हवा गाळून, दाब ठरवून, तेल देणाऱ्या जोडणीचा) बाउल रिकामा करणं, पाळी सुरू होताना टूलच्या इनलेटमध्ये एअर टूल ऑइलचे चार-पाच थेंब टाकून ते पाच-दहा सेकंद मोकळं चालवणं, एवढ्यावर गव्हर्नर आणि व्हेन (हवेच्या मोटरमधल्या पट्ट्या) दोन्ही टिकतात. डाय ग्राइंडर २०,००० ते २५,००० फेऱ्यांचा असतो. त्यात माउंटेड पॉइंटची दांडी कोलेटमध्ये, म्हणजे ती पकडणाऱ्या चिमट्यात, निदान १० मिमी आत हवी. लांब पोचण्यासाठी दांडी बाहेर काढली तर ती त्या वेगाला वाकते आणि दगड भिरकावला जातो.

होसच्या जोडाला बायंडिंग वायर गुंडाळलेली दिसली की होस जप्त. दाबाखाली सुटलेला होस चाबकासारखा फिरतो आणि त्याच्या टोकाला पितळी कपलिंग असतं. बोल्टचा क्लँप, कपलिंगची पिन आणि दोन्ही होस जोडणारी व्हिप चेकची तार, हे तिन्ही लागतं. चिपरसारख्या धडधडणाऱ्या टूलला क्विक कपलर थेट लावायचा नाही, हातभर होसचा तुकडा लावून मग कपलर, नाहीतर तो महिन्याभरात झिजतो. टूल सोडवताना आधी व्हॉल्व्ह बंद, मग ट्रिगर दाबून आतली हवा संपवायची, मग कपलर. होस दुमडून हवा अडवायची नाही. हवेच्या लाईनला पीव्हीसी पाइप नको, तो फुटताना त्याच्या धारदार कपच्या उडतात.

चिपरची छिन्नी रिटेनरशिवाय, म्हणजे ती अडवून धरणाऱ्या टोपीशिवाय, चालवायची नाही आणि टोक मालाला टेकल्याशिवाय ट्रिगर दाबायचा नाही. मोकळ्या हवेत दाबलेल्या चिपरमधून छिन्नी सुटून गेली तर समोरचा माणूस वाचणं अवघड.

अंगावरची धूळ हवेने झाडणं मात्र रोजचं झालं आहे. आपल्या लाईनचा दाब ७ बारच्या आसपास असतो. अमेरिकेच्या नियमात साफसफाईच्या हवेला ३० पीएसआयची, म्हणजे साधारण २ बारची मर्यादा आहे आणि तीही वस्तू साफ करायला, माणूस नव्हे. कातडीवरच्या जखमेतून हवा आत शिरू शकते, डोळ्यात कण जातो, आणि फौंड्रीत तर कपड्यावरची सिलिका, म्हणजे वाळूची बारीक धूळ, श्वासात जाते. मस्करीत कोणाच्या अंगाशी हवेची नळी धरल्याने आतडी फाटून जीव गेल्याच्या बातम्या महाराष्ट्रातही आल्या आहेत. नवीन पोरांना आम्ही हे स्पष्ट शब्दांत सांगतो, लाजत नाही. कपड्यांसाठी दारापाशी ब्रश आणि व्हॅक्यूम ठेवलं आहे.

सिलिकासाठी क्रम बदलणं सगळ्यात उपयोगी पडतं. कास्टिंग आधी शॉट ब्लास्टमधून (बारीक धातूच्या गोळ्यांच्या माऱ्याने साफ करणाऱ्या यंत्रातून) काढायचं, मग ग्राइंडिंगला द्यायचं. वाळू यंत्राच्या बंद कपाटात निघते, फेटलरच्या तोंडापुढे नाही. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक सिलिका अडवत नाही. एन ९५ किंवा त्याहून चांगला मास्क लागतो, आणि दाढी वाढलेली असेल तर तोही कडेने गळतो.

डोळ्यांना नुसती फेस शील्ड पुरत नाही, खालून कण येतो. आत गॉगल, वर शील्ड. आणि कण गेलाच, तर शेजाऱ्याने रुमालाच्या टोकाने किंवा काडीने काढायचा नाही. बुबुळात रुतलेल्या लोखंडाच्या कणाभोवती काही तासांतच गंजाचं कडं धरायला लागतं. डोळा न चोळता, झाकून, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवायचं. ग्राइंडरवर चामड्याचे हातमोजे चालतात. ड्रिल आणि डाय ग्राइंडरवर विणलेले सुती मोजे नकोत, एक धागा अडकला की बोट ओढलं जातं. मनगटातला दोरा, गळ्यातला रुमाल, लोंबणारी बाही यांचं तेच.

कंपनाचं नुकसान सावकाश होतं म्हणून त्याची दखल घेतली जात नाही. बोटं बधिर होणं, थंडीत पांढरी पडणं, बटण लावता न येणं, इथपर्यंत गेलं की बोटं क्वचितच पूर्ववत होतात. युरोपच्या नियमात आठ तासांच्या हिशोबाने २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग ही काळजी सुरू करायची पातळी आणि ५ ही कमाल. १० चं कंपन असलेलं टूल अर्ध्या तासात पहिली पातळी गाठतं आणि दोन तासांत दुसरी. हा वेळ ट्रिगर दाबलेला असतानाचा धरायचा. चिपरचं कंपन दहाच्या पुढे सहज असतं. त्यामुळे एका माणसाकडे दिवसभर चिपर देत नाही, दुपारी त्याला दुसरं काम येतं. डाव्या हाताने उघडी छिन्नी धरायची सवय सगळ्यात वाईट, त्यासाठी रबरी स्लीव्ह असलेली छिन्नी द्यायची. एक्झॉस्टची गार हवा हातावर येऊ नये म्हणून तिचं तोंड वळवून घ्यायचं. मजुरी नगावर असली तर हे वेळापत्रक टिकत नाही. फेटलिंगची मजुरी नगावर ठेवू नये, असं आम्ही मालकांना दर वेळी सांगतो.

संध्याकाळी टूल परत येतं तेव्हा पाच गोष्टी बघतो: गार्ड, मूठ, वायर किंवा होसचं तोंड, स्विच सोडल्यावर बंद होतो का, आणि व्हील किती व कुठल्या बाजूने झिजलं. एका बाजूने झिजलेलं कटिंग व्हील म्हणजे त्याने घासलेलं आहे, दुसऱ्या दिवशी त्या माणसाला घासायचं व्हील आधी द्यायचं. बिघडलेल्या टूलला लाल चिठ्ठी बांधून ते कुलपाच्या कपाटात जातं. टेबलावर ठेवलं तर रात्रपाळी ते उचलतेच. ठेकेदाराची माणसं स्वतःची मशीनं घेऊन येतात, त्यांनाही हीच खिडकी लागू आहे. मेगर, गार्ड, पिन टॉप बघून त्या महिन्याच्या रंगाची पट्टी वायरला लावली, तरच ते मशीन गेटच्या आत चालतं. गार्ड नसेल तर आमच्याकडचा बसवून देतो, तो बसत नसेल तर आमचं मशीन देतो आणि त्याचं गेटवर ठेवतो.